उघडी फांदी

सोलापूर, ३० जुलै २०२५

अमरेशमामा,

मायना घालत बसत नाही. अकरा वर्षांत तुला कुठल्या शब्दाने हाक मारायची हेच आमच्या घरात ठरलेलं नाही. शिवाय हे पत्र कामाचं आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, तेव्हा सरळ मागते: तुझ्या नातेसंबंधांच्या नियमांमधला एक नियम काढून टाक. "मामा आणि नवरा या दोन जागांवर एकच माणूस असू शकत नाही," हा तो नियम.

तू म्हणशील, एवढ्यासाठी कागदी पत्र कशाला? ठरलेल्या मार्गाने मी तक्रार नोंदवली होती. "मुद्दाम तसं ठेवलं आहे," एवढं लिहून तू ती बंद केलीस, खाली माझं नाव वाचूनही. तक्रार एका बटणाने बंद होते, पाकीट मात्र फोडावं लागतं. म्हणून ड्रेस्डेनच्या तुझ्या घरच्या पत्त्यावर धाडते.

मी इथे एका कॉलेजात संगणकशास्त्र शिकवते. त्याशिवाय एका रुग्णालयाबरोबर काम करते. ज्या घरांत जन्मतः ऐकू न येणारी मुलं आहेत, रक्ताचे आजार आहेत, त्या घरांची नाती तिथे यंत्रात भरतात. पुढच्या बाळाला धोका किती आणि कोणती तपासणी आधी करायची, हे त्यावरून यंत्र सांगतं. पण आधी ते बघतं की भरलेली माहिती एकमेकांशी जुळते का, असं घर असू शकतं का. आणि हे बघण्याचं काम तुझ्या प्रोग्रामकडे आहे. तो निवडताना लेखकाचं नाव मी कोणाला मोठ्याने सांगितलं नव्हतं.

पद्धत तीच आहे, जी तू मला मंद्रूपच्या अंगणात कोळशाने काढून दाखवली होतीस. शिवप्पाकाकांची शेळी हरवली होती, आठवतं? तू म्हणालास, समज शेळी चोरीला गेलेली नाही. मग एकतर ती सुटून गेली, नाहीतर कोणीतरी सोडली. फरशीवर दोन फांद्या काढल्यास. प्रत्येक फांदीवर आपल्याला माहीत असलेलं लिहीत गेलास. जिथे "दावं तुटलेलं" आणि "दावं शाबूत" अशा दोन गोष्टी एकाच फांदीवर आल्या, तिथे फुली मारलीस. सगळ्या फांद्यांवर फुल्या पडल्या तर आपण धरून चाललो तेच खोटं. एक जरी फांदी उघडी राहिली तर तसं घडू शकतं. शेळी पाटलांच्या मळ्यात सापडली आणि अव्वा फरशी घासत आपल्या लेकाला, म्हणजे तुला, शिव्या देत बसली.

आता गेल्या महिन्यातलं सांगते. नाती भरून घेणाऱ्या अपेक्षाशेजारी मी बसले होते, काम कसं चालतं ते बघायला. कुंभारीची काव्या आली होती. वय बावीस, पोटुशी, कडेवर अडीच वर्षांची लेक. त्या लेकीला ऐकू येत नाही आणि ते घरच्यांना आत्ता कळलं. अपेक्षाने यंत्रात भरलं: नवरा नंदीश, नात्यातला नाही. काव्या वाकून बघत होती. ती म्हणाली, "नात्यातला न्हाय कसा? मामाच की माजा."

मी अपेक्षाकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, "ताई, खरं घातलं की लाल येतंय. असं घर असू शकत न्हाय म्हणतंय. मग आमी समदेच 'नात्यातला नाही' घालतो."

पहिल्या वेळीही तसंच घातलं होतं. त्यामुळे यंत्राने धोका नेहमीएवढाच दाखवला आणि जन्मल्या जन्मल्या त्या पोरीचे कान तपासायला कोणी सांगितलं नाही. अडीच वर्षं गेली. मामा, ऐकायला शिकायची जी वर्षं असतात त्यातली ती वर्षं होती.

यावेळी मी काव्याचं डॉक्टरीणबाईंच्या कानावर तोंडी घातलं आहे. पण दिवाळीनंतर हाच प्रोग्राम तालुक्यांना जाणार आहे, मंद्रूपपासून माळशिरसपर्यंत. तिथे प्रत्येक घराचं तोंडी कोण सांगणार? आणि नियमांना मी हात लावू शकत नाही. तुझ्या संमतीशिवाय बदललेली प्रत कुठलंच रुग्णालय घेत नाही.

काल नागपंचमी झाली. आई माहेरी गेली नाही. तिला न्यायला येणारं आहे कोण?

कामापुरती,
दानेश्वरी


सोलापूर, २४ ऑगस्ट

अमरेशमामा,

तुझी मेल मिळाली. "तो नियम बाहेरच्या एखाद्या नमुन्यातून आला असावा, सवडीने बघतो." छान. मंद्रूपच्या भिंतीवर तूच कोळशाने लिहून ठेवलं होतंस की खोटं बोलायचं तर आधी सगळ्या फांद्या तपासाव्यात. तू तपासल्या नाहीस.

नियम मी पुन्हा वाचला. आईचा भाऊ तो मामा. म्हणजे मामा हे नातं दोन नात्यांच्या साखळीने येतं. अशा साखळीने आलेल्या नात्यावर "हे आणि ते एक असू शकत नाही" असा नियम तुझा प्रोग्राम सरळ घालू देत नाही, कारण मग उत्तर येईलच याची हमी जाते. बाहेरून उचललेला नियम तिथेच अडकला असता. तुझा अडकला नाही. नाव घेऊन नोंदवलेल्या माणसांपुरताच तो लागू होईल, अशी आडवाट काढून तू तो बसवला आहेस. नजरचुकीने पडलेल्या खडीला कोणी चुना लावून बसवत नाही.

आणि बाहेरच्या माणसाला हा नियम सुचणारच नाही. ड्रेस्डेनमध्ये कोणाच्या डोक्यात येईल की मामा आणि नवरा वेगळे ठेवायला नियम लागतो? हा नियम मंद्रूपच्याच माणसाला सुचतो.

तेव्हा सवड वगैरे राहू दे. का घातलास ते लिही. मी वाद घालायला तयार आहे, पण कोणाशी वाद घालते आहे ते मला कळलं पाहिजे.

घरची एक गोष्ट सांगते, कारण लपून राहिली नाही. पोस्टाची पावती आईच्या हाती लागली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण परदेशी पाकिटाचे पैसे बघून तिला अंदाज आला. ती ज्वारी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "कुणाला लिवतीस?" मी म्हटलं, कामाचं आहे. "काम कुणाकडं हाय?" मी तुझं नाव घेतलं.

तिने दोन-तीन खडे वेचून टाकले. मग म्हणाली, "तुजं काम तू कर. मला भाऊ न्हाय."

ती हे रडून म्हणत नाही, हे तुला सांगून ठेवते. वार विचारल्यावर वार सांगावा तसं म्हणते. लहानपणी ती तुला तम्मा म्हणायची, धाकट्या भावाला आपल्या कानडीत म्हणतात तसं. माझ्यासमोर तो शब्द तिने अकरा वर्षांत उच्चारलेला नाही. शेजारच्या कानडी बाईने आपल्या भावाला तम्मा म्हणून हाक मारली तरी ती घरात निघून येते.

दानेश्वरी


सोलापूर, १८ सप्टेंबर

अमरेशमामा,

आता कसं माणसाशी बोलल्यासारखं वाटलं. तुझी लांबलचक मेल मी तीनदा वाचली. राग आला, तरी आधी कबूल करते की तुझं निम्मं बरोबर आहे.

तू लिहितोस, आपल्याकडे पोरीला विचारत नाहीत. पाळण्यात असतानाच "ही अमरेशची" म्हणून टाकतात. गेलेली लेक परत आली नाही तरी नात परत आणायची, म्हणजे शेत आणि रक्त दोन्ही घरात राहतं. कोणी नाही म्हणायला तयार नसेल तर निदान यंत्राने तरी नाही म्हणावं, म्हणून तू तो नियम घातलास. मामाने भाचीशी लग्न करू नये. मान्य आहे. शंभरदा मान्य आहे. तू नियम लिहिण्याच्या आधीपासून मला ते मान्य आहे.

पण मामा, करू नये आणि केलेलं नसतं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या आहेत हे मला तूच शिकवलंस. मी बारावीला होते. तू फळ्यावर तर्कशास्त्रातली चौकटीची खूण काढलीस आणि म्हणालास, या एकाच खुणेचे दोन अर्थ लावता येतात. एक अर्थ, असणारच. तो लावला तर ती गोष्ट आपल्या जगातही खरी असते. दुसरा अर्थ, असायला हवं. तो लावला तर आपल्या जगातून चांगल्या जगांकडे बाण जातात, पण आपल्याच जगाकडे वळून येणारा बाण असेलच असं नाही. मी विचारलं होतं, असं का? तू म्हणालास, "दाने, सगळं जसं असायला हवं तसं असतं, तर नियम कशाला लागले असते?"

ते वाक्य मी माझ्या वर्गात दर वर्षी सांगते. कोणाचं ते सांगत नाही.

आणि तूच दुसऱ्या अर्थाच्या जागी पहिला ठेवलास! जे असायला हवं ते "असणारच" म्हणून लिहून टाकलंस. याने एकही लग्न थांबलेलं नाही. लग्नं मंद्रूपच्या मांडवात होतात, तिथे तुझा प्रोग्राम अक्षता टाकायला येत नाही. तो येतो तीन वर्षांनी, जेव्हा ती पोरगी बाळ घेऊन आमच्यासमोर बसते. तेव्हा तो तिला सांगतो, तू नाहीस. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, त्यातली ही गत.

काव्याला पण विचारलं नव्हतं. नंदीश वाईट माणूस नाही, लेकीला घेऊन तोच बसने सगळीकडे हिंडतो. पण काव्याला विचारलं नव्हतं. एकदा घरच्यांनी तिला विचारलं नाही, आता यंत्र पण तिचं ऐकत नाही. तुझी माया कोणाच्या वाट्याला आली ते बघ.

पुढचं लिहू की नको असा विचार करत होते. लिहिते. परवा मी आपलं घर यंत्रात भरलं. खोटं काही घातलं नाही. शिवबाई. तिचा मामा शंकरप्पा. तिचा नवरा शंकरप्पा. त्यांची मुलं दोन, शिवलीला आणि अमरेश. मामा सख्खा की चुलत ते मुद्दाम सांगितलं नाही, म्हणजे यंत्राला फांद्या फोडायला जागा मिळेल. त्याने फोडल्या. सख्ख्यावर फुली, चुलतावर फुली. मग लाल अक्षरं आली: असं घर असू शकत नाही.

शिवबाई नाही, म्हणजे माझी अव्वा नाही. तिच्या हातचं शेंगाकूट खाऊन आपण दोघं वाढलो, ती नाही. माझी आई नाही, म्हणजे मीही नाही. आणि मामा, तुझ्या नियमाप्रमाणे तू जन्मालाच आलेला नाहीस. मग या नियमाला संमती दिली कोणी?

दानेश्वरी


सोलापूर, १२ ऑक्टोबर

अमरेशमामा,

उत्तर नाही. तीन आठवडे झाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ तुम्हा बहीणभावांना सारखाच वाटून दिलेला आहे. पण त्याच घरातली मी पण आहे, हे विसरू नकोस.

मागच्या पत्रात मी तुला टोचलं. त्याबद्दल माफी मागणार नाही. पण एक गोष्ट मी कधी बोलले नाही आणि ती न बोलता हा वाद जिंकणं मला बरं वाटत नाही.

सुपारी फोडायला माणसं जमली होती तो दिवस. मला निळं इरकल नेसवलं होतं. त्याआधी महिनाभर अव्वाने बजावलं होतं की आता त्याला मामा म्हणायचं नाही, अरे-तुरे करायचं नाही. मी तुला काहीच म्हणत नव्हते. फळ्यासमोर बसून "हे कसं आलं?" एवढंच विचारायचे. तू बाहेरच्या खोलीत उभा राहिलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "हिला मी बाराखडी शिकवली. हिच्याशी मी लग्न करणार नाही. तिला शिकू द्या."

आईला तो अपमान वाटला. "माज्या लेकीत काय खोट हाय?" एवढंच ती विचारत राहिली, आणि तू खोट सांगेना, कारण नव्हतीच. गावाने मात्र शोधून काढली. दोन वर्षं मला एक स्थळ आलं नाही. त्या दोन वर्षांत माझं निम्मं बी.एस्सी. झालं, म्हणजे गावाचेही उपकारच. पुढच्या थंडीत अव्वा गेली. तिला माती द्यायला तू ड्रेस्डेनहून पोचला नाहीस. विमान चुकलं की तिकीट मिळालं नाही ते आईने ऐकूनच घेतलं नाही. त्या दिवसापासून तिला भाऊ नाही.

सगळ्यांनी मला विचारलं, तुला वाईट वाटलं का? मी मान खाली घातली, कारण घालायची असते. खरं सांगते, त्या दिवशी इरकल सोडून ठेवलं आणि मला इतकी गाढ झोप लागली की आई घाबरून नाकाशी हात धरून गेली. मला वाईट वाटलं नाही. तू नाही म्हणालास म्हणून मी आहे ती आहे. हे तुला कळवायला हवं होतं. आता कळलं.

म्हणून सांगते, तुझं नाही म्हणणं मी मोडत नाही. ते त्या खोलीत, त्या माणसांसमोर म्हणायची गोष्ट होती आणि तू ती तिथे म्हणालास. यंत्रात परत म्हणायची गरज नव्हती. यंत्राला फक्त कोण आहे ते बघू दे. काय व्हायला हवं ते आपण सांगू, माणसांना, तोंडावर. मी सांगते आहेच. गेल्या रविवारी मंद्रूपच्या बाजारच्या दिवशी शाळेत बायकांना गोळा करून बोलले. दोघी उठून गेल्या. बाकीच्या बसल्या.

तुझा प्रोग्राम एका जागी थांबतो ते मला फार आवडतं. प्रत्येकाला आई असते, तिला आई असते, तिला आई असते. असं म्हणत गेलं तर यंत्र कधीच थांबणार नाही. म्हणून नवीन बाई आली की ते मागे वळून बघतं. ही मागच्या बाईसारखीच असेल तर पुढे काही नवं घडणार नाही म्हणतं आणि तिथेच थांबतं. आपल्या घरात अव्वाच्या आईपर्यंत सगळ्या बायका अशाच एकीसारखी एक होत्या. माझ्यापाशी येऊन साखळी थांबली नाही, मोडली. ती तू मोडलीस. मग आता तिला खोडायला का निघालास?

दिवाळी तोंडावर आली. नियम बदलला नाहीस तर मी काय करणार ते सांगून ठेवते. तुझा प्रोग्राम बाजूला ठेवून दुसरा बसवीन. सगळं पहिल्यापासून करावं लागेल, वर्ष जाईल, आणि त्या वर्षात जन्मणाऱ्या बाळांचे कान मी घरोघर फिरून तपासायला लावीन. मी थांबणार नाही. फक्त तू केलंस तर लवकर होईल.

दाने


सोलापूर, २७ ऑक्टोबर

मामा,

नियम गेला.

सकाळी कॉलेजात संगणक उघडला आणि नवी प्रत आलेली दिसली. मी आधी ती चालवली नाही, आधी तू बदलाचं कारण काय लिहिलंस ते वाचलं. तिथे सगळे लिहितात, अमुक चूक दुरुस्त केली, तमुक सुधारणा केली. तू लिहिलंस: "माझे आईवडील होते."

तास होता, पोरं दाराशी येऊन परत गेली.

मग बाकीचं बघितलं. तू नुसता नियम काढला नाहीस. मामा आणि नवरा एकच असेल तर यंत्राने लाल होण्याऐवजी धोका वाढवून दाखवावा आणि बाळाचे कान आणि रक्त लगेच तपासायला सांगावं, असं घातलंस. आणि लग्न अजून झालेलं नसेल, नुसतं ठरलेलं असेल, तर मुलीशी एकटीशी बोलावं असा सल्ला यंत्राने दाखवावा, अशी सोय केलीस. "व्हायला हवं" त्याच्या जागी गेलं आणि "आहे" त्याच्या जागी. पोरीशी एकटीशी बोलावं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते तुलाच सुचायला हवं होतं.

अपेक्षाने नंदीशचं नातं खरं भरलं. बोट बटणावर ठेवून ती माझ्याकडे बघत होती, लाल येतंय का म्हणून. नाही आलं.

दाने


सोलापूर, १४ डिसेंबर

मामा,

काव्याला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी कान तपासले, महिन्याने परत तपासले. त्यालाही ऐकू येत नाही.

मला वाटलं होतं हे तुला लिहिताना माझा हात थांबेल. पण काव्या थांबली नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर तिने पदर नीट केला आणि म्हणाली, "पुडची तारीख कवाची?" यंत्र कानाला कधी लावायचं, शस्त्रक्रिया कोणत्या महिन्यात, मोठीचं आता काय करता येईल, सगळं तिने विचारून घेतलं. मोठीसाठी उशीर झाला आहे, पण सगळं संपलेलं नाही. धाकट्याला एकही वर्ष गमवावं लागणार नाही. जाताना नंदीश मला म्हणाला, "ताई, आदी कळलं हे लई झालं." एवढं तुझ्याकडे पोचवायचं होतं.

मंद्रूपला प्रोग्राम सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात अशी बरीच घरं आली. लाल कोणालाच आलं नाही.

आता घरचं.

तुझी नवी प्रत आली त्या आठवड्यात मी आपलं घर पुन्हा भरायला बसले होते. या वेळी आईला शेजारी बसवलं आणि तीच सांगेल ते घालत गेले, बाहेरच्या बाईकडून घ्यावं तसं. आईचं नाव? शिवबाई. वडील? शंकरप्पा. त्यांचं आधीचं नातं? "मामाच की तिचा." बहिणी? नाहीत. भाऊ?

"न्हाय," आई म्हणाली.

मी तसंच घातलं. तिला भाऊ नाही. यंत्र चालवलं आणि फांदी उघडी राहिली. तू नसलेलं घर यंत्राने मान्य केलं, मामा. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला फार वाईट वाटलं, पण मी आईला काही म्हटलं नाही. तसंच ठेवून दिलं.

काव्याच्या बाळाची तपासणी झाली त्या दिवशी आई माझा डबा घेऊन रुग्णालयात आली होती. तिने काव्याला बघितलं, दोन्ही पोरांना बघितलं. काव्या निघून गेल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, आपलं घर दाखव. मी आपल्या नात्यांचं झाड उघडलं. वर अव्वा आणि आजोबा, खाली एकटी ती, तिच्याखाली मी. ती काचेवर बोट ठेवून एकेक नाव विचारत गेली. मागे मी बोलता बोलता सांगितलं होतं, त्यावरून तिने विचारलं की पूर्वी हे यंत्र अव्वा "नाही" असं का म्हणत होतं. मी तुझा नियम सांगितला, आणि तो कोणी काढला तेही सांगितलं. काढताना तू काय लिहिलंस ते वाचून दाखवलं.

तिने विचारलं, "मग घातला का हुता त्यानं?"

मी म्हटलं, तसं होऊ नये असं त्याला फार वाटत होतं. इतकं वाटलं की तसं नसतंच असं लिहून टाकलं.

ती त्या झाडाकडे बघत राहिली. तिच्या नावाशेजारी कोरी जागा होती. अपेक्षा चहा ठेवून गेली, तो निवला. मग आई हळूच म्हणाली, "रागात म्हनलं म्हून मानूस नसतंय व्हय."

तिला कोणाबद्दल म्हणायचं होतं ते मला कळलं, पण बोलायची पाळी तिची होती.

"घाल त्येला," ती म्हणाली. "माज्याखाली. धाकटा हाय त्यो."

मी नाव विचारलं. मामा, खोटं सांगत नाही, मी खरंच विचारलं, कारण भरून घेताना विचारायचं असतं. ती म्हणाली, "तम्मा." मग डोळे पुसले आणि म्हणाली, "अमरेश लिव. यंत्राला तम्मा काय कळतंय."

मी लिहिलं. शिवलीलाचा भाऊ, अमरेश. यंत्र चालवलं. फांदी उघडी राहिली.

घरी येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली की ती पंचमीची वाट बघत बसणार नाही, पंचमीला लई दिवस आहेत. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला ये म्हण त्याला, म्हणाली. अव्वाच्या जागेवर फूल ठेवायचं राहिलंय त्याचं, तेवढं करून दे. माफ केलं असं ती म्हणाली नाही. तेव्हा तू पण तिला समजावायला, सिद्ध करायला येऊ नकोस. नुसता ये.

तुझी भाची,
दाने